केअर होम, होम केअर आणि कार्बन : आमच्या इथे नक्की काय कमी करता येईल?

मृदगंध, लेस्टर
१० नोव्हेंबर, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. मी इथे लेस्टरला एका केअर होममध्ये डेप्युटी मॅनेजर आहे, ३८ रेसिडेंट, त्यातले निम्म्याहून जास्त डिमेन्शियाचे. मूळची नाशिकची, नर्सिंग तिथेच केलं. गेल्या आठवड्यात मालकांनी बोलावून सांगितलं की होमचा ग्रीन प्लॅन (कार्बन कसा कमी करायचा त्याचा आराखडा) तू तयार कर, कारण सीक्यूसी (इथली तपासणी करणारी सरकारी संस्था) २०२३ पासून जी नवी चौकट वापरते त्यात पर्यावरणाचाही मुद्दा आहे आणि इन्स्पेक्टर कधीही विचारतील. हातात मात्र एक पोस्टर दिलं, दिवे बंद करा, प्रिंट कमी काढा, एवढंच.

ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडमध्ये अ‍ॅडल्ट सोशल केअर म्हणजे १८ वर्षांवरच्या माणसांना रोजच्या जगण्यात लागणारी मदत, आंघोळ, कपडे, जेवण, औषधं, मग ती केअर होममध्ये असो नाहीतर त्यांच्या घरी जाऊन. जबाबदारी कौन्सिलची (इथली स्थानिक पालिका), काम बहुतेक खाजगी कंपन्यांचं, आणि १५ लाखांच्या वर माणसं या कामात आहेत. एनएचएसने (इथली सरकारी आरोग्यसेवा) २०२० मध्येच जाहीर केलं की स्वतःचं थेट उत्सर्जन २०४० पर्यंत आणि खरेदी-पुरवठ्यासकट सगळं २०४५ पर्यंत नेट झिरो (उत्सर्जन होता होईल तेवढं कमी, उरेल तेवढं शोषून घ्यायचं) करणार, २०२२ च्या कायद्यात ते आलंही. सोशल केअरला असं स्वतःचं वेगळं टार्गेट नाही, देशाचं २०५० चं आहे तेच. त्यामुळे आमच्यासारख्या होमला कोणी हात धरून शिकवत नाही.

मग मी परवाचा रविवार नुसती वही घेऊन होममध्ये फिरले. कुणाला काही बोलले नाही, फक्त लिहीत गेले. पहिल्या मजल्यावर ७ खोल्यांत रेडिएटर फुल आणि खिडकी उघडी. स्लूस रूममध्ये (घाण कचरा आणि भांडी साफ करायची खोली) सकाळी ७ ते ११ मध्ये पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या टायगर बॅगा (लघवी-शौचाच्या, पण संसर्ग नसलेल्या कचऱ्याच्या) ९ भरल्या, त्यात मुख्यतः पॅड, म्हणजे मोठ्यांचे डायपर. ग्लोव्ह्जचे तर डबेच्या डबे. एक केअरर आजींना नुसता चहा पाजताना ग्लोव्ह्ज घालून बसली होती. दुपारी बारानंतर किचनच्या बादलीत अख्खी रोस्ट बटाट्यांची ताटं. आणि पार्किंगमध्ये १४ गाड्या, त्यातल्या ५ जणींची घरं एकाच रस्त्यावर.

रात्री सगळ्या नोंदी परत वाचल्या तेव्हा मला एकच गोष्ट सगळीकडे दिसली, ती म्हणजे घाई. टॉयलेटला न्यायला वेळ नाही म्हणून पॅड, हात धुवायला वेळ नाही म्हणून ग्लोव्ह्ज, रेडिएटर कमी करायला वेळ नाही म्हणून खिडकी, काय खाणार हे विचारायला वेळ नाही म्हणून सगळ्यांना सारखं ताट. म्हणून मला वाटतं केअरमधला कार्बन कमी करायचा तर पोस्टर नको, आधी ही घाई कुठे कमी होते ते बघायला हवं. माझं चुकत असेल तर सांगा. इथे केअरमध्ये, कौन्सिलमध्ये, इंजिनिअरिंगमध्ये असलेली बरीच मराठी मंडळी आहेत हे माहितीये, म्हणून विचारतेय. तुमच्याकडे काय होतं, कशाचा उपयोग झाला?

रानजाई, डेव्हन
१० नोव्हेंबर, रात्री ११.५८

मृदगंध ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी होम केअरमध्ये आहे, म्हणजे लोकांच्या घरी जाऊन करायचं काम, २०२३ ला व्हिसावर आले. आमच्याकडे बिल्डिंगच नाही त्यामुळे आमचा कार्बन म्हणजे पेट्रोल.

माझा सकाळचा रन (फेरी) सांगते म्हणजे कळेल. ७ ला पहिला कॉल (एका घरची भेट) गावाच्या या टोकाला, ७.४५ चा दुसरा ९ मैलांवर, ८.३० चा परत पहिल्या गावात, अगदी त्याच गल्लीत, मग १० ला डबल-अप (दोन केअरर लागतात तो कॉल, हॉइस्ट म्हणजे माणसाला उचलायचं यंत्र वापरायचं असतं म्हणून), तिथे माझी जोडीदारीण तिची वेगळी गाडी घेऊन दुसऱ्या दिशेने येते. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उंच हेज, समोरून ट्रॅक्टर आला की अर्धा फर्लांग रिव्हर्स. आणि त्याच गल्लीत मला रोज आणखी दोन एजन्सीच्या मुली भेटतात, तीन कंपन्या तीन गाड्या आणि घरं शेजारीशेजारी. आम्ही एकमेकींना हात करतो आणि पुढे जातो.

मायलेज (स्वतःची गाडी वापरल्याचे मैलामागे पैसे) मिळतं म्हणावं तर मिळतं, टॅक्स खात्याचा दर २०११ मध्ये मैलाला ४५ पेन्स केलेला, तोही सगळ्या एजन्सी पूर्ण देत नाहीत, माझी आधीची एजन्सी देत नव्हती. म्हणजे गाडी माझी, पेट्रोल माझं, धूर माझा, आणि रोटा (कामाचं वेळापत्रक) कुणीतरी ऑफिसात बसून नकाशा न बघता केलेला. रोटा पोस्टकोडप्रमाणे लावला तर माझे दिवसाचे कितीतरी मैल वाचतील आणि तेवढा वेळ त्या आजोबांजवळ बसता येईल. तुमचा घाईचा मुद्दा इथे अगदी तस्साच लागू होतो.

विसुभाऊ, पुणे
११ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

माझं वय ७४. पत्नीची सहा वर्षं घरी शुश्रूषा केली, गेल्या वर्षी ती गेली. एक शंका विचारतो, राग मानू नये. ज्यांनी आयुष्यभर कष्ट केले, आता स्वतःच्या हाताने पांघरूणही ओढता येत नाही, त्यांच्या खोलीतला हीटर कमी करून, त्यांचे पॅड मोजून जगाचा कार्बन कमी करायचा? विमानाने फिरणारे फिरतायत. पहिली काटकसर नेहमी दुबळ्यांच्या ताटातूनच का होते? मृदगंध बाई, तुम्ही मनापासून लिहिताय हे दिसतंय, पण मालकाच्या हातात हा कागद गेला की तो काय करेल याचा विचार करा.

मृदगंध, लेस्टर
११ नोव्हेंबर, दुपारी १.०५

विसुकाका, राग कसला, हाच प्रश्न मलाही रात्री झोपू देत नव्हता. काकूंबद्दल वाचून वाईट वाटलं.

प्लॅनच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलंय की रेसिडेंटच्या ऊब, स्वच्छता, जेवण आणि मानाला धक्का लागेल असं काहीही यात येणार नाही. म्हाताऱ्या माणसाला बसायच्या खोलीत २१ डिग्री हवीच, त्याखाली मी जाऊ देणार नाही. पण काका, त्या ७ खोल्यांत २१ नव्हती, २६-२७ होती. १४ नंबरच्या आजी घामाने डबडबून बसल्या होत्या आणि वर लोकरीचा कार्डिगन, कारण बटणं काढायला कुणाला वेळ झाला नव्हता. उकाडाही माणसं मारतो. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमध्ये कॉनिंग्जबीला ४०.३ डिग्री झालं होतं, आमच्यापासून फार लांब नाही ते, आणि त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये ६५ च्या वरचे २,८०० हून जास्त लोक उष्णतेच्या लाटांत जास्तीचे गेले असा सरकारी अंदाज आहे. तेव्हा मी होमवर होते, ओले टॉवेल आणि बर्फाच्या लॉल्या घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होतो. हवामान बिघडलं की पहिला मार आमच्याच माणसांना बसतो, म्हणून तर मला हे काम करायचंय.

अजिंक्यतारा, बर्मिंगहॅम
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.४०

मी बिल्डिंग सर्व्हिसेसमध्ये आहे, शाळा आणि केअर होमची हीटिंग सिस्टीम बघतो. मृदगंध, एक विचारतो, तुमच्या रेडिएटरवर लाकडी किंवा पत्र्याची कव्हरं आहेत ना? असणारच, कारण कुणी पडलं आणि अंग रेडिएटरला टेकून राहिलं तर भाजू नये म्हणून पृष्ठभाग ४३ डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नसतो. आता गंमत अशी होते की व्हॉल्व त्या कव्हरच्या आत, त्याला हात पोचत नाही, कव्हर काढायला मेंटेनन्सवाला लागतो, तो आठवड्यातून दोनदा येतो, मग केअररच्या हाताशी काय उरतं तर खिडकी. केअररची चूक नाही ती. सेन्सर आणि फिरवायचं बटण कव्हरच्या बाहेर काढणारे व्हॉल्व मिळतात, ते आधी बसवा. बॉयलरला वेदर कॉम्पेन्सेशन (बाहेरच्या हवेप्रमाणे पाण्याचं तापमान बदलायची सोय) असेल तर चालू करा, बऱ्याच ठिकाणी असतं पण कुणी कधी सेट केलेलं नसतं, बाहेर १२ डिग्री असताना पाणी ८० ने फिरवायची काही गरज नाही.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका, गरम पाण्याच्या टाकीचं तापमान उतरवू नका. लेजिओनेला नावाचा जंतू कोमट पाण्यात वाढतो म्हणून साठवण ६० लाच ठेवायची, आणि नळाशी मिक्सिंग व्हॉल्व लावून आंघोळीला ४४ च्या वर जाऊ द्यायचं नाही. पाइपांना जाकीट घाला, प्लांट रूममध्ये उघडे पाइप असतील तर तिथेच किती उष्णता जाते ते हात लावून कळेल.

मोठा मुद्दा गॅसचा. इथली वीज आता बरीच स्वच्छ झालीये, शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र रॅटक्लिफ-ऑन-सोर, तुमच्या लेस्टरच्या वरच्या अंगालाच, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. त्यामुळे विजेवर चालणारा हीट पंप (बाहेरची ऊब खेचून आत आणणारं यंत्र) आला की कार्बन खूप उतरतो. पण ३८ खोल्यांच्या जुन्या इमारतीला तो एका दिवसात बसत नाही, घरगुती हीट पंपाला ७,५०० पौंडांची मदत आहे ती छोट्या क्षमतेपुरती. आधी गळती बंद करा, मग बॉयलर मरायच्या दोन वर्षं आधी हीट पंपाचा हिशोब मांडा. बॉयलर जानेवारीत मेला की घाईघाईत परत बॉयलरच येतो, हे मी किती वेळा बघितलंय.

मृदगंध, लेस्टर
११ नोव्हेंबर, रात्री ९.१५

अजिंक्यतारा दादा, कव्हरबद्दल वाचून मी उठून खाली गेले आणि बघून आले, अगदी तसंच आहे. इतकी वर्षं मी केअररना ओरडतेय खिडक्या बंद करा म्हणून. उद्या सगळ्यांची माफी मागणार.

शमा, पुणे
१२ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

छान धागा. माझी आई इथे पुण्यात घरीच आहे, अंथरुणावर, दिवसाला ४-५ डायपर लागतात. ओला कचरा-सुका कचरा करताना ते लाल ठिपका मारून कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे, कचरावेचक ताईंना रोज तोच ढीग हातात द्यायला फार वाईट वाटतं. जुन्या साड्यांचे लंगोट करून बघितले पण आईची त्वचा लाल झाली आणि धुणाऱ्या मावशींनीही नको म्हटलं. तिकडे धुवायचे पॅड वापरतात का? तो घाईचा मुद्दा पॅडच्या बाबतीत नीट समजला नाही.

मृदगंध, लेस्टर
१२ नोव्हेंबर, रात्री १०.५०

शमा, सगळ्यात आधी आईची त्वचा. लाल झाली असेल तर कापडाचा आग्रह धरू नकोस, चांगला डिस्पोजेबल पॅड ओल खेचून घेतो आणि त्वचा कोरडी ठेवतो. धुवायचे पॅड इथेही आहेत, थोडंसंच गळतं अशा लोकांना चालतात, खुर्चीवर आणि बेडवर घालायचे धुण्याचे पॅड तर खूपच उपयोगी. पण धुणं फुकट नाही, डागाळलेले कपडे इथे निर्जंतुक करायला ६५ डिग्रीला किमान १० मिनिटं नाहीतर ७१ ला किमान ३ मिनिटं फिरवावे लागतात, तिथेही वीज जातेच.

घाईचं सांगते. १४ नंबरच्या आजी, ज्यांच्याबद्दल वर लिहिलं, गुजराती आहेत, १९७२ मध्ये युगांडातून हाकललं तेव्हा इथे आलेल्या. डिमेन्शियामुळे इंग्रजी पूर्ण गेलं, गुजरातीही तुटक. रोज पहाटे साधारण पावणेसहाला त्या बेडचा कठडा हलवायला लागायच्या, खडखड खडखड. नाइट स्टाफ डायरीत लिहायचे, अस्वस्थ होत्या, समजूत काढली. ६.३० च्या राउंडला पॅड पूर्ण भिजलेला, चादर भिजलेली, नाइटी भिजलेली. मी एकदा नाइटला होते, खडखड सुरू झाली तशी आत गेले, त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि पाय खाली सोडायला लागल्या. बाई, त्यांना नुसतं बाथरूमला जायचं होतं! कमोडवर बसवलं, दोन मिनिटांत झालं, मग माझ्या हातावर हात फिरवत राहिल्या कितीतरी वेळ.

त्यानंतर आठवडाभर आम्ही त्यांच्या वेळा लिहिल्या, पावणेसहा, नाश्त्यानंतर वीस मिनिटांनी, दुपारी दोनच्या आसपास, आणि झोपताना. केअर प्लॅनमध्ये त्या वेळा घातल्या. दिवसाला ५ पॅड लागायचे ते आता २, कधी कधी १. चादरी रोज बदलायच्या त्या आठवड्यातून एखादवेळी. आणि त्या रडत नाहीत आता पहाटे. म्हणून विसुकाकांना सांगावंसं वाटतं की पॅड मोजले ते द्यायचे कमी करायला नाही, का लागतात ते शोधायला मोजले.

विसुभाऊ, पुणे
१३ नोव्हेंबर, सकाळी ५.५५

वाचून डोळ्यांत पाणी आलं. हिचंही असंच काहीतरी असायचं पहाटे. मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही करा तुमचा प्लॅन.

निर्मला, लीड्स
१३ नोव्हेंबर, दुपारी १२.४५

मी फार्मासिस्ट, केअर होमच्या औषधांचे रिव्ह्यू करते. कुणी इनहेलरबद्दल बोललंच नाही म्हणून लिहिते. दाबून फवारा मारायचे जे पंप असतात त्यातला ढकलणारा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,३०० पट तापवणारा असतो, काहींमध्ये त्याहूनही जास्त. एकट्या इनहेलरचा वाटा एनएचएसच्या कार्बनमध्ये सुमारे ३ टक्के धरतात. निळ्या पंपातल्या, म्हणजे धाप लागली की लगेच घ्यायच्या, एकाच औषधाचा एक पंप ब्रँडप्रमाणे १० ते २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो, म्हणजे औषध तेच, काम तेच, फरक मोठा.

पण मृदगंध, यात तुम्ही स्वतः काही बदलू नका आणि कुणाला बदलायला सांगूही नका. कोरड्या पावडरचा इनहेलर चांगला खरा, पण तो जोरात ओढावा लागतो, अशक्त किंवा डिमेन्शियाच्या माणसाला ते जमत नाही, त्यांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून पंपच बरा. जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा रेस्पिरेटरी नर्सनी माणूस बघून ठरवायचं. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत. निळा पंप कोण फार वापरतंय ते लिहून ठेवून रिव्ह्यू मागा, कारण त्याचा अर्थ दमा आटोक्यात नाही. दर महिन्याला सवयीने सगळं रिपीट मागवू नका, आधी कपाट उघडून बघा, होममधून परत आलेलं औषध न उघडलेलं असलं तरी ते दुसऱ्याला देता येत नाही, नष्टच होतं. आणि संपलेले पंप कचऱ्यात नको, फार्मसीत परत, आत वायू उरलेला असतो.

ग्लोव्ह्जचं पण सांगते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या हॉस्पिटलने २०१८ मध्ये विनाकारण ग्लोव्ह्ज घालणं थांबवायची मोहीम काढली आणि वर्षभरात २१ टन प्लास्टिक वाचलं. रक्त, लघवी, शौच, जखम, काही रसायनं, काही क्रीम, यांना ग्लोव्ह्ज हवेतच. चहा पाजायला, केस विंचरायला, व्हीलचेअर ढकलायला नकोत. उलट एकच ग्लोव्ह घालून चार खोल्या फिरलं की जंतू पसरतात आणि हात धुणं राहून जातं.

शमा, पुणे
१३ नोव्हेंबर, दुपारी २.२०

केस विंचरताना ग्लोव्ह नको हे किती बरं वाटलं वाचून. माणसाला माणसाचा हात लागायला हवा.

कोल्हापुरी, यॉर्कशायर
१४ नोव्हेंबर, रात्री ८.३०

मी एका कौन्सिलमध्ये कमिशनिंगला आहे, म्हणजे केअर विकत घेणाऱ्या बाजूला, त्यामुळे रानजाई ताईंच्या तीन गाड्यांचं पाप आमच्याकडेच येतं. ब्रिस्टलच्या कौन्सिलने नोव्हेंबर २०१८ ला क्लायमेट इमर्जन्सी (हवामान आणीबाणी) जाहीर केली, मागोमाग ३०० च्या वर कौन्सिलांनी. पण कौन्सिल जेव्हा स्वतःचा कार्बन मोजते तेव्हा ऑफिसं, रस्त्यावरचे दिवे, कचऱ्याच्या गाड्या येतात, विकत घेतलेल्या केअरचा कार्बन बऱ्याचदा त्यात नसतोच.

गावं वाटून का देत नाही हा प्रश्न बरोबर आहे. काही ठिकाणी झोन केलेत, एका झोनला एक-दोन मुख्य कंपन्या. अडचण अशी की ती कंपनी बुडाली तर रात्रीतून शंभर माणसं कुणी बघायची, शिवाय आपली केअर कशी हवी यात माणसाच्या इच्छेला मान द्यायचा हे २०१४ च्या केअर अ‍ॅक्टमध्येच आहे, दहा वर्षांची ओळखीची केअरर झोनसाठी तोडायची का? नाही तोडायची. पण नवीन येणाऱ्या पॅकेजला (एका माणसाच्या केअरचं काम) तरी आधी तीच गल्ली करणाऱ्या एजन्सीला विचारायला काय हरकत आहे, हे आम्ही आता करायला लागलोय.

दुसरं, आम्ही टेंडरमध्ये ग्रीन प्लॅनला मार्क ठेवतो आणि त्याच टेंडरमध्ये तासाचा दर असा देतो की कंपनीला प्रवासाचा वेळ धरणंही जड जातं. हे आतल्या मीटिंगमध्ये बोलतो मी, इथेही बोलतो. इमारतींसाठीचा मोठा सरकारी निधी होता तोही सार्वजनिक संस्थांपुरता, खाजगी केअर होमला दार बंदच. आणि केअर होमची वीज-गॅसची बिलं धंद्याच्या दराने येतात, घरगुती प्राइस कॅप (दरावरची सरकारी मर्यादा) त्यांना नाही, २०२२ च्या हिवाळ्यात किती होम त्यात गळपटली. त्यामुळे मालकाला कार्बनपेक्षा बिल दाखवा, तिथे दोघांची वाट एकच आहे.

ट्यूलिपवाडी, उत्रेख्त
१५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

इथे नेदरलँड्समध्ये ब्युर्टझोर्ग म्हणून संस्था आहे, २००६ मध्ये जोस दे ब्लोक या नर्सने सुरू केली. जास्तीत जास्त १२ जणींची टीम, त्यांचा एक मोहल्ला, रोटा त्या स्वतःच लावतात, वर मॅनेजर नाही. माझ्या शेजारच्या आजोबांकडे रोज सकाळी नर्स सायकलवर येते. सायकल पर्यावरणासाठी म्हणून नाही, मोहल्ला इतका लहान आहे की गाडी काढणंच वेडेपणाचं. हे मुख्यतः नर्सिंग आहे आणि इथली जमीन सपाट, डेव्हनच्या चढांवर कसं होईल सांगता येत नाही.

रानजाई, डेव्हन
१५ नोव्हेंबर, रात्री १०.१०

ट्यूलिपवाडी, 'रोटा त्या स्वतःच लावतात' हे वाक्य मी आमच्या कोऑर्डिनेटरला दाखवलं. आम्ही चौघींनी आज बसून नुसत्या कागदावर, पेन्सिलने, आमचे चार रन पुन्हा लावून बघितले. कुणाचीही वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त न हलवता दोन रन जवळजवळ अर्धे झाले. कोऑर्डिनेटर बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या ज्यांची वेळ हलते त्यांना आधी फोन करून विचारू, डायबेटीसवाल्यांची इन्सुलिनची वेळ हलवायची नाही. बरोबरच आहे.

अजून एक, आमच्यातल्या नवीन भारतीय मुलींना सांगायचं राहतं. भारतातलं लायसन इथे १२ महिनेच चालतं, नंतर इथली टेस्ट पास व्हावीच लागते. दोन मुली नापास झाल्या तेव्हा एजन्सी त्यांना काढायला निघाली होती. त्या आता डबल-अपला माझ्या गाडीत बसतात. एका गाडीत दोघी, कॉल तोच.

मृदगंध, लेस्टर
६ मार्च, रात्री ११.३०

धागा वर काढतेय, चार महिने झाले. जे झालं ते लिहिते, जे नाही झालं तेही.

व्हॉल्व पहिल्या मजल्यावर सगळे बदलले, मालक आधी तयार नव्हते, कोल्हापुरी दादांचं ऐकून मी गॅसची मागची दोन बिलं आणि उघड्या खिडक्यांची यादी समोर ठेवली, मग झाले. तळमजला पुढच्या वर्षी. हीट पंपाचा सर्व्हे करायला माणूस येऊन गेला, आकडा ऐकून सगळे गप्प झाले. बॉयलरला अजून चारेक वर्षं आहेत, तोवर पैसे बाजूला टाकायला सुरुवात केलीये, थोडे आहेत पण सुरुवात.

टॉयलेटच्या वेळा ११ जणांच्या लिहिल्या. ६ जणांचे पॅड कमी झाले, ५ जणांचे काहीच नाही, त्यांना पॅड लागतातच आणि ते लागतील तेवढे मिळतात. टायगर बॅगा कमी झाल्या. शिवाय आधी जे पॅड भीतीपोटी नारिंगी पिशवीत म्हणजे संसर्गजन्य कचऱ्यात जायचे ते थांबवलं, ती पिशवी महाग, आणि संसर्ग नसताना त्या प्रक्रियेतून कचरा जायचं काही कारण नाही.

किचनची गोष्ट सांगायलाच हवी. ३१ मार्च २०२५ पासून १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या सगळ्या जागांना उरलेलं अन्न वेगळं द्यावं लागतं, त्यामुळे बादली आता डोळ्यासमोर असते. आम्ही रोज वजन करायला लागलो. सगळ्यात जास्त काय उरतं तर रविवारचा रोस्ट, कारण मांस चावत नाही. मटण कमी करू म्हटलं तर आमचे शेफ काळजीत पडले, वजन घटणाऱ्या रेसिडेंटना प्रोटीन कुठून, आणि ते खरंच आहे, आमच्या दुधात आम्ही दूध पावडर आणि बटाट्यात क्रीम घालतो ते तसंच चालू आहे, तिथे हात लावला नाही. मग गुरुवारी मुगाची खिचडी ठेवली, वर भरपूर तूप, सोबत दही. १४ नंबरच्या आजींनी दोनदा मागितली. कधी नाही ते दोन इंग्लिश आजोबांनीही मागितली, एकांचं म्हणणं ती त्यांच्या लहानपणीच्या पीज पुडिंगसारखी (वाटाण्याच्या डाळीचा मऊ इंग्लिश पदार्थ) लागते. गुरुवारची बादली सगळ्यात हलकी.

ताटं वाढून दोन पर्याय समोर आणून दाखवतो आता, कागदावरचा मेन्यू डिमेन्शियाच्या माणसाला कळत नाही, ताट कळतं. वेळ लागतो, पण नंतर भरवायला लागणारा वेळ वाचतो.

जे जमलं नाही ते, लिफ्ट शेअर. एका रस्त्यावरच्या पाच जणींपैकी दोघीच एकत्र येतात, बाकीच्यांना मुलं शाळेत सोडायची असतात, शिफ्ट संपली की दुसरी नोकरी असते. त्यांना मी काहीही बोलणार नाही. पहाटे ७ च्या शिफ्टला रविवारी बसच नाही, हे मी कौन्सिलला लिहून कळवलंय.

ग्लोव्ह्जचं मात्र अवघड गेलं. कोविडमध्ये ज्यांनी आपली माणसं होममध्ये गेलेली बघितली त्यांना ग्लोव्ह काढ म्हणणं सोपं नाही. एक जुनी केअरर, वीस वर्षं झाली तिला, रडलीच मीटिंगमध्ये. तिला म्हटलं तुला हवं तेव्हा घाल. गेल्या आठवड्यात तिला बघितलं, १४ नंबरच्या आजींच्या केसांना तेल लावत होती, उघड्या हातांनी.

अजिंक्यतारा, बर्मिंगहॅम
७ मार्च, सकाळी ८.०५

तळमजल्याचे व्हॉल्व मी येऊन बघून जाईन एखाद्या शनिवारी, पैसे नकोत. फक्त गुरुवारी जमलं असतं तर बरं झालं असतं, खिचडी मिळाली असती.

रानजाई, डेव्हन
७ मार्च, रात्री ९.४०

ताई, आमचा नवा रोटा जानेवारीपासून लागू झालाय. तीनपैकी एका एजन्सीने त्या गल्लीतले दोन कॉल आमच्याकडे दिले आणि आम्ही त्यांना दुसऱ्या गावातले तीन दिले, कुटुंबांना विचारून. एका आजींनी नाही म्हटलं, त्यांची जुनीच केअरर जाते. माझ्या गाडीचं टाकी भरणं आठवड्यातून दोनदाचं एकदा झालंय. सकाळचे ८.३० चे आजोबा, त्यांच्याकडे आता मला दहा मिनिटं जास्त मिळतात. काल त्यांनी त्यांच्या बायकोचं पत्र काढून वाचून दाखवलं, १९५८ चं.